शिंद्यांची सरासरी

जोतिबाच्या डोंगरावरची देवळं कुणी बांधली, असं कोल्हापूरच्या दहा माणसांना विचारलं तर निम्मे तरी "शिंद्यांनी" असं सांगतील. उत्तर बरंचसं बरोबर आहे. किवळ गावच्या नावजी नावाच्या भक्तानं बांधलेल्या मूळच्या लहान देवळाच्या जागी १७३० साली राणोजी शिंद्यांनी आजचं मोठं देऊळ उभं केलं. केदारेश्वराचं देऊळ १८०८ सालचं, तेही दौलतराव शिंद्यांचं. (तिसऱ्या, रामलिंगाच्या देवळाचं श्रेय मालजी निलम पन्हाळकरांचं, साल १७८०.) जोतिबा हे शिंद्यांचं कुलदैवत. राणोजींच्या एका मुलाचं नावच जोतिबा होतं.

हे शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे, तिथल्या पाटील घराण्यातले. राणोजी बाजीराव पेशव्यांच्या चाकरीत शिरले. बाजीरावांचे जोडे छातीशी धरून ते झोपले होते आणि त्या निष्ठेवर त्यांचं नशीब उघडलं, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा खोटी, पुढचं सगळं खरं आहे. माळवा, उज्जैन, ग्वाल्हेर, महादजी, दिल्लीच्या बादशहावर वचक, एकवीस तोफांची सलामी, जयविलास राजवाडा वगैरे वगैरे.

आणि कण्हेरखेडला जे राहिले त्यांचं काय झालं? ते शेती करत राहिले. कूळ तेच, दैवत तेच, गाव तेच. एका फांदीला ग्वाल्हेरचं संस्थान मिळालं, दुसरीला कोरेगावची जमीन.

आता मी तुम्हाला विचारलं, की "शिंदे लोकांची आर्थिक परिस्थिती कशी आहे?", तर तुम्ही काय उत्तर द्याल?

गणितच करून बघू. समजा, शंभर शिंदे एका रांगेत उभे केले. त्यातल्या नव्व्याण्णव जणांचं वर्षाचं उत्पन्न प्रत्येकी २ लाख. शंभरावा ग्वाल्हेरकडचा, त्याचं उत्पन्न १०० कोटी. (आकडे माझ्या मनचे आहेत, फक्त हिशेबापुरते.) सरासरी काढली तर दर माणशी एक कोटी दोन लाखांच्या आसपास येते. म्हणजे शिंदे समाज कोट्यधीश! पण रांगेच्या बरोबर मधे उभ्या असलेल्या शिंद्याला विचारलं तर तो म्हणणार, दोन लाख. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला आकडा घेऊन तुम्ही भाषण ठोकू शकता आणि दुसरा घेऊन मोर्चा काढू शकता.

हे सगळं आत्ता सुचायचं कारण असं, की समाजासमाजांची तुलना करणारे आकडे आता ढिगानं येणार आहेत. जनगणनेत प्रत्येकाची जात नोंदवायची असा निर्णय केंद्र सरकारनं ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला, आणि ती २०२७ ची जनगणना आहे. असे तक्ते यापूर्वी निघाले ते १९३१ साली, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात. उद्या हे तक्ते छापून येतील तेव्हा आपण ते कसे वाचणार, याची मला खरी काळजी वाटते. कारण आपल्याकडे तक्ता वाचायची एकच पद्धत आहे, दहावीच्या निकालासारखी. कोण पहिला आला, कोण नापास झाला. आणि मग पहिला आलेल्याच्या रक्तात काय आहे आणि नापास झालेल्याच्या रक्तात काय नाही, यावर चर्चा.

बरं, "शिंदे" म्हणजे तरी कोण? विठ्ठल रामजी शिंदे हे जमखंडीचे मराठा. एका धर्मसंस्थेच्या शिष्यवृत्तीवर ते १९०१ साली ऑक्सफर्डला शिकायला गेले आणि परत आल्यावर, १९०६ साली, अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी संस्था काढली. सुशीलकुमार शिंदे हे सोलापूरच्या दलित कुटुंबातले. कोर्टातल्या छोट्या नोकरीपासून सुरुवात करून ते २००३ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. धनगरांत शिंदे आहेत, माळ्यांत आहेत, कोळ्यांत आहेत. चैत्री पौर्णिमेला सगळे एकाच डोंगरावर येतात, एकाच गुलालात लाल होतात आणि "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणतात. आडनावावरून रक्त ओळखायला गेलो तर पहिल्या पायरीवरच पाय घसरतो.

असो. मुद्द्याकडे येतो.

दोन समाजांची तुलना करूच नये, असं म्हणणारे पुष्कळ भले लोक आहेत. "सगळी माणसं सारखी, कशाला जाती मोजायच्या?" वगैरे. मला ते पटत नाही. तुलना केल्याशिवाय काही गोष्टी दिसतच नाहीत, आणि याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्या कोल्हापुरातच आहे.

२ एप्रिल १८९४ ला शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला. त्यावेळी दरबारच्या सामान्य प्रशासनात ७१ जागा होत्या आणि त्यातल्या ६० वर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनांच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतर फक्त १०. हा आकडा मनाशी धरा आणि विचार करा, की तो वाचायच्या दोन पद्धती कोणत्या.

पहिली पद्धत त्या काळात छापून तयारच होती. जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याचं गॅझेटियर निघालं, त्यातला कोल्हापूरचा चोविसावा खंड १८८६ सालचा. फार मोलाचं काम आहे ते. देवळांच्या तारखांपासून पिकांपर्यंत सगळं त्यात सापडतं. पण जातींच्या प्रकरणात आलं, की साहेबांची लेखणी स्वभावावर घसरते. अमुक जात कष्टाळू, तमुक काटकसरी, अमुक नीटनेटकी, तमुक गबाळी. जणू काही लाखभर माणसं एकाच आईच्या पोटी, एकच स्वभाव घेऊन जन्माला आली! या पद्धतीनं वाचलं तर ७१ पैकी ६० चा अर्थ सरळ आहे. ब्राह्मण हुशार, बाकीचे मठ्ठ. विषय संपला.

शाहू महाराजांनी तोच आकडा दुसऱ्या पद्धतीनं वाचला. या साठ जणांपर्यंत पोचणारी वाट कुठून जाते, हे त्यांनी पाहिलं. वाट जात होती शाळेतून, इंग्रजीतून, शहरातून. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लिहिणं-वाचणं हाच पोटाचा धंदा होता ते त्या वाटेवरच जन्माला येत होते. पन्हाळ्याच्या किंवा शाहूवाडीच्या शेतकऱ्याचा पोरगा कितीही तल्लख असला तरी कोल्हापुरात येऊन राहणार कुठे आणि जेवणार काय? हा प्रश्न रक्ताचा नव्हता. तो खोलीचा आणि ताटाचा होता.

म्हणून महाराजांनी बोर्डिंगं काढली. १९०१ साली मराठा बोर्डिंग, त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती अशी यादी वाढत गेली. २६ जुलै १९०२ ला निम्म्या रिकाम्या जागा मागासवर्गासाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. १९१२ साली पुन्हा मोजणी केली तेव्हा ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकारी ३५ होते.

अठरा वर्षांत कुणाचं रक्त बदललं? कुणाचंच नाही. दार बदललं.

(एक गंमत बघा. खुद्द शाहू महाराजांचं आयुष्यही एका दारानंच बदललं होतं. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ साली दत्तक गेला आणि कोल्हापूरचा छत्रपती झाला. दत्तक झाला नसता तर माणूस तोच राहिला असता, पण आज आपण त्याची जयंती साजरी केली असती का?)

जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्यांत एक भाऊराव पाटील होते. त्यांनी पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि सातारा-सांगलीपासून नगरपर्यंतच्या हजारो पोरांना शाळा दाखवली. उघडलेलं एक दार पुढे किती दारं उघडतं याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात मावत नाही.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. ती सांगताना आपल्याकडे जरा आवंढा गिळतात, पण सांगायलाच हवी. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर कोल्हापूर-सातारा-सांगली भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जळाला. त्याच सुमाराला कूळकायदा आला आणि १९५७ पासून कसणारा जमिनीचा मालक झाला. कायदा न्यायाचाच होता. पण गावातला ब्राह्मण जमिनीवरून उठला. दोन दारं एकदम बंद झाली. उरलं काय? पुणं, मुंबई, नोकरी आणि पोरांचं शिक्षण. १९६५ साली अमेरिकेनं परदेशी लोकांना येऊ देण्याचा कायदा बदलला आणि शिकलेल्यांना घ्यायचं ठरवलं, तेव्हा या घरांतली पोरं पदवी घेऊन तयारच होती. त्यांच्याबरोबर इतर जातींतलीही शिकलेली पोरं गेली. १९८१ साली तिकडे बृहन्महाराष्ट्र मंडळ निघालं. आज अमेरिकेतल्या मराठी घरांचं उत्पन्न बघून आपण इथे कॉलर ताठ करतो, "मराठी माणूस कुठेही गेला तरी चमकतो"!

खरंच का? मग मॉरिशसला चला.

एकोणिसाव्या शतकात कोकणातून माणसं बोटीत बसून मॉरिशसला गेली. ऊसाच्या मळ्यावर, करारानं, मजूर म्हणून. भाषा मराठी, देव तेच, गणपती आजही तिकडे थाटात बसतो. त्यांच्या पुढच्या पिढ्या शिकल्या, शिक्षक झाल्या, सरकारी नोकरीत गेल्या, राजकारणातही गेल्या. पण पहिल्या दोन-तीन पिढ्या उसाच्या फडात गेल्या. तिथल्या मराठी माणसाची तुलना न्यू जर्सीच्या मराठी माणसाशी केली तर काय निघेल? न्यू जर्सीचा पुढे निघेल. यातून "कोकणातल्या रक्तात काहीतरी कमी" असा निष्कर्ष कुणी काढला तर आपण त्याला वेड्यात काढू. एकाला निवडलं होतं त्याच्या डिग्रीकडे बघून आणि दुसऱ्याला त्याच्या दंडाकडे बघून. निवडणाऱ्यानं काय बघून निवडलं, तेच पुढे तक्त्यात उमटतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दोन समाजांची तुलना जरूर करा, पण तक्त्यातला आकडा हा त्या समाजाचा स्वभाव सांगत नाही. तो सांगतो, कुणाला कुठल्या दारातून आत घेतलं, कधी घेतलं आणि आत येताना हातात काय होतं.

जगात सगळीकडे हेच चालतं. अमेरिकेची जनगणना लोकांना "तुमचे पूर्वज कुठले?" असं विचारायची आणि तिथले विद्वान मग त्यावरून तुलना करत बसतात. गुआम बेटावरचे चामोरो आणि ब्रिटिश वंशाचे गोरे, यांची तुलना घ्या. गुआम १८९८ साली स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं, मधे १९४१ ते १९४४ जपानच्या ताब्यात होतं, आणि तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं ते थेट १९५० साली. बेटाची चौथाईहून अधिक जमीन लष्कराकडे. आता या लोकांचं उत्पन्न आणि ज्यांच्या पूर्वजांनी तो देशच स्थापन केला त्यांचं उत्पन्न शेजारी शेजारी मांडायचं आणि फरक बघून मान हलवायची!

शिवाय त्यात वयाचा घोळ असतो. प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आलेली कुटुंबं मोठी असतात आणि त्यात तरुण जास्त. पंचवीस वर्षांचा माणूस पंचावन्न वर्षांच्या माणसापेक्षा कमीच कमावणार. आणि घरटी उत्पन्न मोजलं तर चार कमावते हात असलेलं मोठं घर श्रीमंत दिसतं, तर माणशी मोजलं की तेच घर गरीब. आपल्याकडची एकत्र कुटुंबं डोळ्यासमोर आणा म्हणजे लगेच कळेल.

आणखी मजेची गोष्ट म्हणजे "आम्ही कोण" हे उत्तरच बदलतं. १९८० च्या अमेरिकन जनगणनेत सुमारे ४ कोटी ९६ लाख लोकांनी आपले पूर्वज इंग्लिश असल्याचं लिहिलं. १९९० साली हा आकडा ३ कोटी २६ लाखांवर आला. दहा वर्षांत १ कोटी ७० लाख इंग्लिश गेले कुठे? कुठेच नाही. फॉर्मवर दिलेली उदाहरणं बदलली, आणि कित्येकांनी दुसरंच काहीतरी लिहिलं. पूर्वज तेच, रकाना वेगळा.

हसू नका, आपल्याकडेही तेच आहे. जुन्या जनगणनांत कुणबी म्हणून नोंदले गेलेले कित्येक जण पुढे मराठा म्हणून नोंदले गेले, कारण तेव्हा मराठा म्हणवून घेण्यात मान होता. आज वारं उलटं फिरलंय. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायला सरकारनं समिती नेमली. (आणि योगायोग बघा, समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती शिंदेच!) आजोबांनी मानासाठी जे लिहिलं, ते नातवाला फीसाठी बदलून हवंय. यात मला थट्टेचं काही वाटत नाही. दोघेही आपापल्या काळातलं दार ओळखून वागले.

मराठा आरक्षणाचा सगळा वाद खरं म्हणजे शिंद्यांच्या सरासरीचाच आहे. विरोध करणारा म्हणतो, "इतके मुख्यमंत्री मराठा, कारखाने मराठ्यांचे, मागास कसले?" मागणारा म्हणतो, "माझ्याकडे दीड एकर कोरडवाहू आहे आणि पोराची फी भरायला पैसे नाहीत." दोघेही खरं बोलतायत. पहिला ग्वाल्हेरकडे बोट दाखवतोय, दुसरा कण्हेरखेडकडे. २०१८ साली आयोगानं समाज मागास ठरवला, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला आणि सरकारी नोकऱ्यांत प्रतिनिधित्व पुरेसं असल्याचं म्हटलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळानं १० टक्क्यांचा नवा कायदा केला. पण एवढ्या मोठ्या समाजाला एकाच आकड्यात कोंबून "पुढारलेला की मागास?" असं विचारलं तर उत्तर कुणाला तरी खोटं वाटणारच. अनुसूचित जातींच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं १ ऑगस्ट २०२४ ला आतल्या आत वर्गवारी करायला परवानगी दिली, ती याच कारणानं. दार उघडलं तरी दाराजवळ जो उभा असतो तोच आधी आत जातो. मागचा मागेच राहतो आणि तक्त्यात दोघांची बेरीज होते.

आता पुन्हा डोंगरावर येऊ, कारण तिथे राहणाऱ्यांबद्दल कुणी बोलत नाही. वाडी रत्नागिरीत बहुसंख्य घरं गुरवांची. देवाची पूजा हा त्यांचा वंशपरंपरेचा हक्क. चैत्री यात्रेला लाखो माणसं येतात, पाडळीची सासनकाठी पहिल्या मानानं नाचते, दवणा, खोबरं, गुलाल यांची उधळण होते. त्या दिवशी डोंगरावर आलेला माणूस खाली उतरताना हमखास म्हणतो, "गुरवांची चंगळ आहे बुवा!"

त्या माणसानं आषाढातल्या एखाद्या मंगळवारी यावं. धुकं, पाऊस आणि रिकामा दगडी चौक. उत्पन्न आहे ते रविवारचं, पौर्णिमेचं, माघातल्या खेट्यांचं आणि यात्रेचं. २०२० आणि २०२१ साली, लागोपाठ दोन वर्षं, कोरोनामुळे चैत्री यात्राच झाली नाही. नोकरदाराला त्या काळात पगार मिळाला असेल, पण देवळाच्या दारावर पोट असलेल्यानं काय केलं असेल? शिवाय हक्क वारशानं येतो तसाच वारशानं वाटलाही जातो. एकाचे चार झाले, चाराचे सोळा झाले, पण देव एकच राहिला. शेताच्या वाटण्यांसारखंच आहे हे. गुरव समाज महाराष्ट्रात इतर मागासवर्गात मोडतो, आणि २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी संत काशिबांच्या नावानं आर्थिक विकास महामंडळ जाहीर झालं, ते उगीच नव्हे.

म्हणजे यात्रेच्या दिवशी मोजलं तर श्रीमंत, आषाढात मोजलं तर गरीब. माणूस तोच. कधी मोजलं हाही एक प्रश्नच असतो.

इथे कुणीतरी म्हणणार, "म्हणजे मेहनतीला काही अर्थच नाही का? सगळं दारावरच?" अर्थ आहे ना! एकाच दारातून आत गेलेल्या दोघांत फरक पडतो तो बराचसा मेहनतीनं. सख्ख्या भावांत पडतो, एकाच वर्गातल्या पोरांत पडतो. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनीही कमी किंमत मोजलेली नाही. दत्ताजी १७६० साली बुराडी घाटावर पडले, पुढच्याच वर्षी पानिपतानं जनकोजी आणि तुकोजी नेले, महादजी जखमी पायानं वाचले म्हणून पुढचा इतिहास घडला. पण आळशी आणि कष्टाळू माणसं प्रत्येक समाजात असतात. लाखोंच्या समाजांत जेव्हा ठळक फरक दिसतो, तेव्हा एका पूर्ण समाजानं आळस केला आणि दुसऱ्या पूर्ण समाजानं कष्ट केले, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. पहाटे चारला उठून ऊस तोडायला जाणाऱ्या बाईला आळशी म्हणायची हिंमत कुणाची आहे? तिच्या मेहनतीला तक्त्यात भाव मिळत नाही एवढंच.

संस्कारांचंही तसंच. बचत करणं, पोरांना अभ्यासाला बसवणं, या सवयी घराघरांत असतात आणि पुढच्या पिढीत जातात, हे मी नाकारत नाही. पण अभ्यासाची सवय लागते ती अभ्यासाचा उपयोग दिसल्यावर. ज्या गावातला एकही पोरगा शिकून कारकूनसुद्धा झाला नाही, त्या गावातल्या बापानं पोराला गुरांमागे पाठवलं तर तो अडाणीपणा नव्हता, हिशेब होता. बोर्डिंगात राहून गावातला पहिला पोरगा शिकून आला की शेजारच्या चार घरांचे संस्कार आपोआप बदलतात.

तर मंडळी, उद्या ते तक्ते छापून येतील तेव्हा निकालासारखे वाचू नका एवढंच सांगणं आहे. आपल्या समाजाचा आकडा वर दिसला तर छाती फुगवण्याआधी विचारा, आपल्याला कुठल्या दारातून आत घेतलं होतं? खाली दिसला तर खचण्याआधीही तेच विचारा. दुसऱ्याचा आकडा वर दिसला तर "यांनीच आमचं खाल्लं" म्हणण्याआधी बघा, की हा आकडा ग्वाल्हेरचा आहे की कण्हेरखेडचा. सरासरी आहे की मधला माणूस? घरटी आहे की माणशी? किती वर्षांचे लोक मोजले? स्वतःला त्या रकान्यात कुणी लिहिलं आणि कुणी लिहिलं नाही? आणि त्या समाजातल्या बायकांचा आकडा वेगळा काढला आहे का? कारण कुठल्याही समाजात निम्म्या माणसांसाठी दार आणखी वेगळं असतं.

एवढे प्रश्न विचारून झाल्यावर जो फरक उरेल, तो खरा. त्याचं काय करायचं हे शोधायला फार लांब जायला नको. ७१ पैकी ६० हा आकडा बघून कुणाच्या रक्ताची चर्चा करत न बसता एका राजानं पोरांच्या राहण्या-जेवण्याची सोय केली होती, ती बोर्डिंगं याच कोल्हापुरात होती.